मुरमाची वाट आणि आपली सायकल

बचत गटाची ताई बोलायला बसली म्हटल्यावर हप्ता, व्याज, बँकेचं कर्ज असंच काहीतरी ऐकायला मिळणार, असं तुम्हाला वाटलं असेल. आज मी सायकलवर बोलणार आहे. हसू नका. सायकल आणि ती चालवायला आपल्या दाराशी असलेली मुरमाची वाट, हा आजचा विषय. हप्त्याचंही येईल शेवटी, काळजी नको.

दिवाळी झाली की रविवारी सकाळी आपल्या कालव्याच्या भरावावरून पुण्याकडचे सायकलवाले जाताना तुम्ही पाहिले असतील. डोक्याला टोप, जाड टायर, मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल. त्या सायकलीला 'ग्रॅव्हल बाईक' म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे आपला मुरूम आणि बारीक खडी. कच्च्या रस्त्यावर, मळ्यातल्या वाटांवर, डोंगराच्या अंगानं चालवायची सायकल. गटातल्या एका आजींनी मला विचारलं, "अगं, एवढी महागाची सायकल घ्यायची आणि चांगला डांबरी रस्ता सोडून धोंड्यातनं का जायचं?" आजींचा प्रश्न बरोबर होता. मी तो एका सायकलवालीलाच विचारला. ती म्हणाली, "ताई, इथं मागून हॉर्न वाजत नाही."

ज्या रस्त्याला आपण कच्चा, मागासलेला म्हणतो, तो शोधत ही माणसं शंभर किलोमीटरवरून येतात, कारण तिथं मोटार नाही. आणि तो रस्ता आपल्या परसात आहे.

बाहेरच्या देशांतही असंच आहे. इटलीत टस्कनी नावाचा भाग आहे. डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे आणि मळ्यांमधून जाणारे पांढऱ्या खडीचे रस्ते. त्या रस्त्यांवर एकेक करून डांबर पडायला लागलं, तेव्हा काही लोकांना वाटलं, हे रस्ते जपले पाहिजेत. 1997 साली गायोले नावाच्या लहानशा गावातून त्यांनी जुन्या पद्धतीच्या सायकलींची एक फेरी काढली. पहिल्या वर्षी 92 जण आले. आज त्या फेरीला जगभरातून हजारो माणसं येतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यात शेतीवाडीच्या, गुराढोरांच्या मुलखातून 2006 पासून खडीच्या रस्त्यांवर सव्वातीनशे किलोमीटरची शर्यत होते, त्यात बायकाही उतरतात. आपल्याला शर्यत लावायची नाही. पण खडीचा रस्ता हीसुद्धा गावाची मालमत्ता असू शकते, एवढं यातून कळतं.

आता आपल्या खोऱ्याकडे बघू. आपली नीरा भोरच्या डोंगरातून येते आणि नरसिंहपूरला भीमेला मिळते. वीरजवळ तिचं पाणी डाव्या आणि उजव्या कालव्यात वळतं. भाटघरचं आजचं मोठं धरण 1928 साली पुरं झालं आणि त्या सुमारास आपला उजवा कालवा आला. तेव्हापासून कालव्याच्या खाली ऊस आणि वर माळ, अशी आपल्या गावांची दोन रूपं झाली. वरच्या अंगाला शंभू महादेवाचे डोंगर. ताथवड्याचा संतोषगड, आदर्कीकडचा घाट, सालप्याचा घाट, हे सगळं त्याच रांगेत.

कालव्याच्या कडेनं जी वाट जाते, तिची गंमत तुमच्या कधी ध्यानात आली का? ती फार वळणं घेते, पण चढत नाही आणि उतरतही नाही. कालव्यातलं पाणी आपल्या वजनानं पुढं सरकलं पाहिजे, म्हणून त्याला उतार दिलेला असतो. पण तो इतका थोडा, की डोळ्याला दिसत नाही. मध्ये टेकडी आली तर कालवा तिला वळसा घालतो, ओढा आला तर त्यावरून पूल करून पाणी पलीकडे नेतो. त्याच्या शेजारची वाटही तशीच सपाट राहते. नव्यानं सायकल चालवणाऱ्या बाईला यापेक्षा सोपी वाट मिळायची नाही. दम लागत नाही, गुडघ्यावर जोर येत नाही.

आणि डांबरी रस्ता? आळंदीहून माउलींची पालखी ज्या रस्त्यानं येते, तो लोणंद-तरडगाव-फलटणचा रस्ता आता किती रुंद झाला, ते तुम्ही बघताच. रस्ता चांगला झाला, नाही कोण म्हणतंय? दवाखान्यात लवकर पोचता येतं. पण त्यावरून सायकल घेऊन जायची हिंमत कोणाची होते? गाड्या वाऱ्यासारख्या जातात. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर. अंधारात त्यांना मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही. ट्रेलर हेलकावे खात जातो आणि कडेनं चालणारीनं चारीत उतरायचं.

याची झळ कुणाला लागते? सगळ्यात आधी पोरींना. सातवीपर्यंत शाळा गावात, पुढची शाळा पाच-सात किलोमीटरवर. एसटी एकच आणि तीही वेळेवर येईल याचा नेम नाही. मुलाला बाप मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन जातो, नाहीतर तो कुणाच्याही गाडीला हात करतो. पोरीचं काय करायचं, असा प्रश्न आला की उत्तर ठरलेलं असतं: "रस्ता वाईट आहे. राहू दे घरी." आणि एकदा घरी राहिली की पुढं काय होतं, ते मी सांगायला नको. माझ्या गटांमध्ये तिशीच्या आतल्या कितीतरी जणी आहेत, ज्यांची शाळा अभ्यासामुळं सुटली नाही, अंतरामुळं सुटली. पाच-सात किलोमीटर म्हणजे सायकलवर कालव्याच्या वाटेनं पाऊण तासाचं काम.

बायांनी सायकल चालवून जिल्ह्याचा जिल्हा बदलल्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा कोरडवाहू, गरीब जिल्हा. 1991-92 च्या सुमारास तिथं साक्षरतेची मोहीम चालू होती. शीला राणी चुंकत या तिथल्या कलेक्टर होत्या. त्यांनी आणि कार्यकर्त्यांनी ठरवलं, की अक्षराबरोबर सायकलही शिकवायची. शेतमजूर बाया, दगडखाणीतल्या बाया, अंगणवाडीच्या बाया, नर्सबाई, शिक्षिका, सगळ्या शिकल्या. लेडीज सायकली दुकानात मिळेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. काहींना तर तीच पसंत पडली, कारण पुढच्या दांडीवर लेकराला बसवता येतं. आधी लोक हसले, टोमणे मारले. मग सवय झाली. बायकोला बाजाराला सोडायला जायचं नवऱ्याचं काम वाचलं, तेव्हा टोमणेही थांबले.

आता आपण काय करायचं ते सांगते. वही-पेन असेल तर घ्या.

पहिली गोष्ट, सायकल कुठली. लाखाची ग्रॅव्हल बाईक आपल्याला नको. साधी सायकल पाच-सात हजारांत नवी मिळते, जुनी चांगली दोन-अडीच हजारांत. बघताना तीन गोष्टी बघा. टायर जरा रुंद हवा. अगदी बारीक टायर मुरमात रुततो आणि घसरतो. दोन्ही ब्रेक लागले पाहिजेत, ब्रेकचे रबर झिजलेले नकोत. आणि सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. शिकेपर्यंत सीट खालीच ठेवा, तोल गेला तर पाय टेकता येतो.

दुसरी गोष्ट, हवा. डांबरावर टायर दगडासारखा टणक चालतो. मुरमावर तो थोडा मऊ हवा, म्हणजे खड्यावरून उडत नाही आणि जमीन धरून चालतो. अंगठ्यानं दाबून बघा, किंचित दबला पाहिजे. पण फार सैलही नको, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब चिमटते आणि पंक्चर होते.

तिसरी गोष्ट, शिकायचं कुठं. कालव्यावर शिकायचं नाही, ही माझी सक्त सूचना. आधी शाळेच्या मैदानावर, सुट्टीच्या दिवशी. पहिले दोन दिवस पायडल मारूच नका. सीटवर बसून पायानं ढकलत चाला, तोल सापडू दे. बहुतेक जणींना चार-पाच दिवसांत जमतं. माझ्या गटातल्या पन्नाशी उलटलेल्या एका मावशीला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी त्या सुनेच्या देखत अंगणात गोल फिरल्या आणि उतरायचं कसं ते आठवेना म्हणून आणखी तीन चकरा मारल्या!

चौथी गोष्ट, मुरमावर चालवायची रीत. हँडल घट्ट आवळू नका, कोपर सैल ठेवा. नजर चाकाखाली नको, दहा-पंधरा पावलं पुढं ठेवा. जिकडं नजर, तिकडं सायकल. दगडगोटे आले की सीटवरून किंचित उठा, धक्का पाठीला लागत नाही. वळणावर आधी वेग कमी करा आणि मग वळा. सुट्या खडीत नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला की चाक घसरलंच म्हणून समजा. दोन्ही ब्रेक हळूहळू लावायचे.

पाचवी, अंगावरचं. साडी नेसून सायकल चालवता येते. नऊवारी नेसणाऱ्या आज्यांना तर काहीच अडचण नाही, कासोटा आहेच. पाचवारी असेल तर निऱ्या थोड्या वर खोचा, पदर कमरेला आवळून बांधा. ओढणी गळ्यात मोकळी ठेवू नका, चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. कमरेला बांधा. चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या.

सहावी, काटे. आपल्या भागात वेडी बाभूळ आहे आणि पावसाळा सरला की वाटेवर सराटे. सराट्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वरच असतं. पंक्चर होणारच. म्हणून दर गावात निदान दोघींनी पंक्चर काढायला शिकावं. ट्यूब पाण्यात धरायची, बुडबुडा येईल तिथं खूण करायची, कोरडी करून घासायची, सोल्यूशन लावून जरा वाळू द्यायचं, मग ठिगळ दाबायचं. आणि टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायला विसरायचं नाही, नाहीतर तोच काटा परत टोचतो. दळण टाकता येतं, शिवणयंत्र चालवता येतं, त्या बाईला हे अवघड नाही.

सातवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कालव्याची. आवर्तन सुटलं की कालवा काठोकाठ भरून वाहतो. वरून पाणी संथ दिसतं, आत ओढ असते. कडेला शेवाळ, धरायला काही नाही. दर वर्षी कुणाचं तरी लेकरू, कुणीतरी धुणं धुणारी जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून सायकल नेहमी पाण्यापासून लांबच्या बाजूनं, एकामागं एक. दोघी शेजारी शेजारी गप्पा मारत जायचं नाही. चप्पल पडली, ओढणी पडली, जाऊ द्या, उतरायचं नाही. कुणी पडलंच तर मागं उडी टाकू नका. साडी, दोर, लांब काठी फेका आणि ओरडा. लहान पोरांना कालव्याच्या वाटेवर एकटं सोडू नका.

सपाट वाटेचा सराव झाला की माळाकडे वळा. कालवा ओलांडून वर गेलं, की जुन्या गाडीवाटा आहेत, मेंढरांच्या वाटा आहेत. तिथून खाली बघितलं की हिरवा पट्टा, मधून नीरा आणि पलीकडे पुरंदरचे डोंगर. आपण जन्मभर ज्या खोऱ्यात खुरपलं, ते पुरतं दिसतं कसं, हे मी स्वतः पहिल्यांदा सायकल घेऊन वर गेले तेव्हा पाहिलं. चढावर दम लागला तर उतरून ढकलत जा, त्यात कमीपणा नाही. ते पुण्याचे लोकही ढकलतात. उतरताना मात्र आधी ब्रेक तपासा. वर पाणी मिळत नाही, बाटली आणि भाकरी बरोबर घ्या. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचे दिवस चांगले. पावसाळ्यात मुरमाची वाट चालते, पण काळ्या रानातल्या पाणंदीत शिरू नका. चिखल मडगार्डात असा बसतो, की सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. ताई, गाड्या नाहीत म्हणजे माणूसही नाही. एकटीदुकटीनं आडवाटेनं जायचं कसं? खरं आहे, आणि मी त्यावर पांघरूण घालणार नाही. मोकळी वाट कधीकधी भीतीची वाट असते. म्हणून तीन नियम. एकटीनं जायचं नाही, चार-पाच जणींनी जायचं. वेळ ठरलेली ठेवायची, म्हणजे शाळेच्या पोरी, दूध घालणाऱ्या आणि रानात जाणाऱ्या एकाच वेळी वाटेवर असतील. आणि दिवेलागणीच्या आत घर. आमच्या एका गावात मोठ्या बाया सकाळी पोरींबरोबर निघतात. पोरी शाळेला जातात, बाया वाटेतल्या रानात उतरतात. महिन्याभरात त्या वाटेवर उगाच बसणारी टोळकी दिसेनाशी झाली. रोज पंधरा बाया जायला लागल्या की ती वाट आडवाट राहत नाही.

आणि ही वाट आपण वापरली नाही, तर ती राहणारही नाही. कारण आता गावोगावी मागणी होते, की कालव्याचा रस्ताही डांबरी करा. मागणी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. ऊस बाहेर काढायला रस्ता लागतो. पण डांबर पडलं की मोठ्या रस्त्यावरची वाहतूक चुकवायला सगळे ट्रॅक्टर, टेंपो, मोटारसायकली त्याच वाटेनं येणार. मग पोरींना तिसरी वाट कुठली? म्हणून माझं म्हणणं असं: गावाला जोडणारा एक रस्ता पक्का हवाच, तो मागा. पण एक वाट मुरमाचीच राहू द्या. खड्डे बुजवा, मुरूम टाका, रोलर फिरवा, काटे तोडा, आणि जड वाहन शिरू नये म्हणून तोंडाला आडवा खांब लावा.

हे कुठं बोलायचं? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, कायद्यानं. ती बहुतेक ठिकाणी कागदावर होते, रजिस्टर घरोघर फिरतं आणि आपण सह्या करतो. पुढच्या वेळी सही करायच्या आधी जाऊन बसा. हा विषय मांडा, ठराव लिहून घ्या, आणि तो ग्रामसभेत वाचला जातो की नाही ते बघा. कालव्याच्या कडेचा रस्ता ग्रामपंचायतीचा नसतो, जलसंपदा विभागाचा असतो. म्हणून ठरावाची प्रत त्यांच्या शाखा कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. पाणंद रस्ता असेल तर तो ग्रामपंचायतीकडेच मागता येतो.

आता हप्त्याचं. गटातून आपण लग्नाला, आजारपणाला, शेळीला कर्ज देतो. सायकलीला का नाही? तीन हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं, तर दहा महिने तीनशे आणि वर गटाच्या दरानं व्याज. रोजचं वडापचं भाडं वाचतं, त्यातूनच हप्ता जातो. तुमच्या घरात आठवी ते बारावीतली मुलगी असेल, तर आणखी एक काम करा. मानव विकास कार्यक्रमात निवडलेल्या तालुक्यांतल्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. आपला तालुका त्यात येतो का, हे शाळेत मुख्याध्यापकांना विचारा.

रविवारी येणाऱ्या सायकलवाल्यांचंही थोडं. त्यांना पोहे, भाकरी-पिठलं, ताक, प्यायचं पाणी आणि स्वच्छ संडास लागतो. एखाद्या गटाला वाटलं, तर रविवारपुरतं हे काम करून बघावं. मोठा खर्च घालू नका. आधी चार रविवार हिशोब लिहा आणि मग ठरवा.

शेवटची गोष्ट. सायकल शिकलात की प्रत्येक वेळी काम काढूनच बाहेर पडायला हवं असं नाही. दळणाला, दवाखान्याला, बँकेला जा, जरूर जा. पण एखाद्या सकाळी नुसतंच जा. गार हवेत कालव्याच्या कडेनं तीन किलोमीटर जाऊन परत या. घरच्यांनी विचारलं, "कुठं गेली होतीस?" तर सांगा, "सायकलवर." एवढं उत्तर पुरे.

या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटानं तीन नावं लिहायची आहेत: शिकवणारी कोण, पहिली शिकणारी कोण, आणि जिच्या घरातली सायकल सरावाला मिळेल ती कोण. पुढच्या महिन्यात मी तुमच्या गावी आले की आधी ते पान उघडून बघणार आहे. आणि येताना मी कालव्याच्या वाटेनंच येणार आहे.

बरं, चुलीवर काही ठेवलं असेल तर बघा. नमस्कार.